श्रोणि-नीला : शारीर, कार्य व संशोधनाचा इतिहास

त्रिकास्थी, माकडहाड आणि दोन्ही बाजूंची नितंबास्थी यांनी वेढलेल्या ओटीपोटाच्या तळाकडील पोकळीस श्रोणी म्हणतात. या पोकळीतील मूत्राशय, गुदाशय, गर्भाशय, अंडकोश, अष्ठीला अथवा प्रॉस्टेट ग्रंथी इ. अंतस्त्यांकडून आणि पोकळीच्या भित्तींकडून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या नीलांच्या समूहास श्रोणि-नीला अशी संज्ञा आहे. हातापायांच्या नीला झडपांच्या साहाय्याने रक्त एकाच दिशेने नेतात. श्रोणीतील नीलांचे तसे नाही. त्यांपैकी पुष्कळ नीलांत झडपा नसतात किंवा अगदी थोड्या असतात. त्या जाळ्याप्रमाणे एकमेकींस जोडलेल्या असतात आणि त्यांतील रक्त दाबातील फरकानुसार एका मार्गाने वा दुसऱ्या मार्गाने, प्रसंगी उलट दिशेनेही, वाहू शकते. हा साधा वाटणारा गुणधर्म पूर्णपणे ध्यानात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मृत शरीरात या नीला रिकाम्या व चपट्या होतात. जिवंत व्यक्ती आडवी झाली म्हणजेही त्यांतील बरेचसे रक्त निघून जाते. त्यामुळे विच्छेदनाच्या टेबलावर आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर, अशा दोन्ही ठिकाणी त्या निरीक्षकाच्या दृष्टीतून निसटत राहिल्या. बाळंतिणीच्या पायास येणारी घातक सूज, अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा मणक्यांत होणारा प्रसार आणि स्त्रियांच्या ओटीपोटातील जुनाट वेदना यांची उकल लांबण्याचे ते एक प्रमुख कारण होय.

रचना : श्रोणीतील अंतस्त्यांभोवती पातळ भित्तींच्या नीलांची जाळी असतात, त्यांस नीला-जालिका म्हणतात. स्थानानुसार गुदाशय-जालिका व मूत्राशय-जालिका, पुरुषांत अष्ठीला-जालिका आणि स्त्रियांत गर्भाशय-जालिका व योनि-जालिका अशी त्यांची नावे आहेत. त्रिकास्थीच्या पुढील पृष्ठावर त्रिक-जालिका पसरलेली असते. या सर्व जालिका परस्परांस मिळालेल्या असल्याने एकीची सीमा कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते, हे रेषा आखून सांगता येत नाही. त्यांतून निघणाऱ्या नीला बहुधा त्याच नावाच्या रोहिणींच्या सोबतीने जाऊन अंतःश्रोणि-नीलेस मिळतात. अंतःश्रोणि-नीला आणि पायाकडून येणारी बाह्य श्रोणि-नीला यांच्या संयोगाने त्रिकास्थी व श्रोणिफलक यांच्या सांध्यासमोर सामाईक श्रोणि-नीला तयार होते. उजवी व डावी सामाईक श्रोणि-नीला पाचव्या कटि-कशेरुकाच्या, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याच्या, उजव्या बाजूस एकत्र येतात आणि अधोमहानीला बनते. ही महानीला रक्त हृदयाच्या उजव्या अलिंदात पोहोचविते.

अधोमहानीला शरीराच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या नीला सारख्या नसतात. डावी सामाईक श्रोणि-नीला उजवीपेक्षा लांब व अधिक तिरपी असून तिच्या पुढून उजवी सामाईक श्रोणि-रोहिणी जाते. समोर स्पंदन पावणारी रोहिणी व मागे कठीण मणका अशा कात्रीत ती सापडलेली असते. जनन-नीलांतही (पुरुषांत वृषणाकडून व स्त्रियांत अंडकोशाकडून येणाऱ्या नीला) असाच भेद आहे. उजवी जनन-नीला थेट अधोमहानीलेस तिरकस मिळते. डावी मात्र वर जाऊन डाव्या वृक्क-नीलेस, म्हणजे मूत्रपिंडाच्या नीलेस, जवळजवळ काटकोनात मिळते. वरवर किरकोळ भासणाऱ्या या डाव्या-उजव्या भेदांचे परिणाम पुढे वर्णन केलेल्या अनेक विकारांत आढळून येतात.

श्रोणीतून रक्त बाहेर पडण्याचे चार मार्ग आहेत. पहिला व प्रमुख मार्ग अंतःश्रोणि-नीलेवाटे अधोमहानीलेचा होय. दुसरा मार्ग जनन-नीलांचा. तिसरा मार्ग गुदाशयाच्या वरच्या भागातून निघतो. तेथील रक्त आतड्यांच्या रक्ताबरोबर प्रवेशी नीलेतून यकृताकडे जाते. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्त मात्र श्रोणि-नीलांतून महानीलेकडे जात असल्याने या ठिकाणी दोन स्वतंत्र नीला-तंत्रांचा संगम होतो. चौथा मार्ग त्रिकास्थीच्या छिद्रांतून मागे जाऊन मेरुरज्जूच्या आवरणाभोवतीच्या व कशेरुकांच्या नीला-जालिकेस मिळतो. ही कशेरुक-जालिका माकडहाडापासून कवटीपर्यंत अखंड असून छाती व पोट यांतील नीलांशी तिचा ठिकठिकाणी संबंध येतो.

कार्य : अंतस्त्यांकडील रक्त परत नेणे हे या नीलांचे उघड कार्य आहे, परंतु तेवढ्यानेच त्यांच्या जाळीदार रचनेचा उलगडा होत नाही. मूत्राशय, गुदाशय व गर्भाशय ही आकारमान बदलणारी इंद्रिये आहेत. ती भरली, म्हणजे शेजारच्या काही नीला दबल्या जातात. अशा वेळी रक्त जालिकेतील अन्य फाट्यांकडे वळते व प्रवाह खंडित होत नाही. खोकणे, शिंकणे, जड वजन उचलणे, कुंथणे इ. क्रियांत पोटातील दाब एकदम वाढतो व महानीलेकडील वाट क्षणभर अडते. त्या वेळी रक्त कशेरुक-जालिकेकडे लोटले जाते. झडपा नसणे हा या ठिकाणी दोष नसून सोय आहे. जालिकेची भित्ती पातळ व ताणक्षम असल्याने ती रक्ताचे साठवणस्थान म्हणूनही उपयोगी पडते.

या सोयीचे महत्त्व गर्भारपणात विशेष प्रत्ययास येते. पूर्ण वाढलेल्या गर्भाशयातून दर मिनिटास सु. ५०० ते ७०० मिलि. रक्त वाहते व ते याच नीलांनी परत न्यावयाचे असते. अंडकोश-नीलांची रक्त वाहून नेण्याची क्षमता गर्भारपणाच्या अखेरीस सु. ६० पट होते, असे हॉजकिन्सन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नमूद केले आहे. गर्भवती स्त्री उताणी निजली असता जड गर्भाशयाखाली अधोमहानीला दबते आणि काही स्त्रियांत रक्तदाब उतरून घेरी येते. बहुसंख्य स्त्रियांस हा त्रास होत नाही, याचे एक प्रमुख कारण म्हणजे कशेरुक-जालिकेची पर्यायी वाट होय. तथापि याच रचनेची दुसरी बाजू अशी, की उभ्या स्थितीत रक्ताच्या स्तंभाचा भार तोलून धरण्यास झडपांचा आधार नसतो, नीला फुगून राहू शकतात आणि एका इंद्रियातील दोष रक्ताबरोबर अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचतो.

प्राचीन कल्पना : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील ७०० शिरांची गणना असून त्यांचे मूळ नाभीत मानले आहे. त्यांपैकी श्रोणीत ३२ शिरा सांगितल्या असून त्यांतील ८ शिरांवर शस्त्र चालवू नये, असा निर्देश आहे. सुश्रुतांची शिरा ही संज्ञा आधुनिक अर्थाने केवळ नीलेची वाचक नाही. तरीही श्रोणीतील काही वाहिन्यांस इजा झाल्यास ती जिवावर बेतते, हा शल्यकर्मातील अनुभव या निषेधामागे असावा, असे दिसते.

ग्रीक-रोमन परंपरेत गेलेन (सु. १२९–२१६) यांचे मत सु. तेरा शतके प्रमाण मानले गेले. त्यांच्या मते नीलांचा उगम यकृतात असून तेथे तयार झालेले रक्त नीलांवाटे सर्व शरीरात जाऊन तेथेच खर्ची पडते. या उपपत्तीत नीला रक्त परत आणीत नसून बाहेर नेत असल्याने श्रोणीतील जालिकांकडे इंद्रियांचे पोषण करणाऱ्या वाहिन्या म्हणूनच पाहिले जाई. डावी जनन-नीला मूत्रपिंडाच्या नीलेस जोडलेली असते, हे गेलेन यांनी अचूक पाहिले होते. मात्र रक्ताची दिशा उलट गृहीत धरल्यामुळे डाव्या बाजूच्या जननेंद्रियास मूत्रपिंडाने अद्याप शुद्ध न केलेले रक्त मिळते व म्हणून त्या बाजूस मुलगी संभवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रचनेचे निरीक्षण खरे असूनही कार्याची कल्पना चुकल्यास केवढा भ्रम निर्माण होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. वृषणावरील नीला फुगण्याच्या विकाराचे वर्णन इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांनी केले आहे. हा विकार डावीकडे अधिक होतो, याचा संबंध डाव्या नीलेच्या लांब व काटकोनी मार्गाशी जोडला जाण्यास मात्र प्रवाहाची खरी दिशा कळावी लागली.

झडपांचा शोध व एकदिश प्रवाह : आंद्रेआस व्हेसेलिअस (१५१४–६४) यांनी १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या शारीरविषयक ग्रंथात नीलांचे संपूर्ण चित्र दिले, तथापि झडपांना त्यात स्थान नव्हते. इटलीतील पॅड्युआ विद्यापीठात प्राध्यापक असलेले फाब्रीत्स्यूस यांनी १६०३ मध्ये नीलांतील झडपांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. रक्त हातापायांच्या टोकांशी साचून राहू नये, म्हणून झडपा त्याचा वेग मंदावतात, अशी त्यांची समजूत होती. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी याच झडपांचा वेगळा अर्थ लावला. दंडावर पट्टी आवळून फुगलेल्या नीलेतील रक्त बोटाने सरकविण्याचा प्रयत्न केला असता ते हृदयाकडे सहज जाते. उलट दिशेने मात्र झडप त्यास अडविते, हे त्यांनी १६२८ च्या ग्रंथात दाखविले. रक्त चक्राकार फिरते, या सिद्धांताचा हा एक मुख्य आधार ठरला.

हार्वी यांच्या सिद्धांताने शरीरक्रियाविज्ञानाचा पाया घातला. परंतु हात, पाय व मान येथील नीलांवरून मिळालेला नियम पुढील पिढ्यांनी सर्वच नीलांस न तपासता लावला. नीला म्हणजे हृदयाकडे जाणारी एकेरी वाट, अशी धारणा रूढ झाली. श्रोणि-नीला या धारणेत बसत नव्हत्या. त्यामुळे त्यांचे वर्णन होत राहिले, पण त्यांच्या कार्याविषयी प्रश्न विचारले गेले नाहीत.

हे वर्णन सुकर झाले ते भरणतंत्रामुळे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये फ्रेडरिक राइश (१६३८–१७३१) प्रभृतींनी मृत शरीरातील वाहिन्यांत रंगीत मेण भरून त्या फुगलेल्या स्थितीत टिकविण्याची कला विकसित केली. रिकाम्या नीला त्यामुळे प्रथमच मूळ आकारात पाहता आल्या. व्हेनिस येथील शारीरविज्ञ जोव्हान्नी दोमेनिको सांतोरीनी (१६८१–१७३७) यांनी १७२४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अष्ठीला ग्रंथीच्या पुढे, जघनास्थीच्या मागे असलेली नीला-जालिका आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंच शारीरविज्ञ झिल्बेर ब्रेशे (१७८४–१८४५) यांनी १८१९ मध्ये व त्यानंतर कशेरुकांच्या नीलांचा सविस्तर अभ्यास करून त्यांची उत्कृष्ट चित्रे प्रसिद्ध केली. श्रोणी व पाठीचा कणा यांतील नीलांचा संबंध या चित्रांत स्पष्ट दिसतो. तरीही पुढील सु. शंभर वर्षांत या वाहिन्यांचा उपयोग काय, याचा विचार फारसा झाला नाही.

बाळंतिणीचा पाय व नीलांतील गुठळ्या : प्रसूतीनंतर काही दिवसांनी एक पाय, बहुधा डावा, सुजून पांढुरका, ताठ व अतिशय वेदनायुक्त होणे हा विकार पूर्वी सर्व देशांत परिचित होता. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील प्यूझो यांनी स्तनांतील दूध पायात उतरल्यामुळे तो होतो, असे प्रतिपादन केले. दुधाशी जोडलेले या विकाराचे नाव इंग्लंड-अमेरिकेत दीर्घ काळ प्रचलित होते. मँचेस्टर येथील चार्ल्स व्हाइट (१७२८–१८१३) यांनी १७८४ मध्ये दुधाची उपपत्ती नाकारली व दोष लसीकावाहिन्यांत असल्याचे मांडले. लंडनचे प्रसूतितज्ञ डेव्हिड डेव्हिस (१७७७–१८४१) यांनी या विकाराने मृत्यू पावलेल्या स्त्रियांचे विच्छेदन करून श्रोणि-नीला व मांडीच्या नीला रक्ताच्या गुठळ्यांनी बुजलेल्या असल्याचे १८२३ मध्ये दाखविले. दुधाचा दोष म्हणून जिच्यावर उपचार होत होते, तिचा रोग वास्तविक नीलांत होता.

पुढे जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी नीलांतील गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते, हे सिद्ध केले. अशा वाहत्या गुठळीस अंतर्कील म्हणतात. बाळंतपणानंतर अचानक येणाऱ्या मृत्यूंपैकी काहींचे कारण त्यामुळे समजले. सूतिकाज्वरात गर्भाशयातील पू व जंतू श्रोणि-नीलांवाटे शरीरभर पसरतात, हे ओळखून फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख (१८४४–१९२४) यांनी १९०२ मध्ये या नीला बांधून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. जंतुनाशक औषधे उपलब्ध नसताना योजलेला हा टोकाचा उपाय होता. १९३५ नंतर सल्फा औषधे, पुढे पेनिसिलीन आणि रक्त गोठू न देणारे हेपारीन वापरात आल्यावर त्याची गरज क्वचितच उरली.

गुठळ्या डावीकडेच अधिक का होतात, हा प्रश्न फिरखो यांनाही पडला होता. कॅनडातील शारीरविज्ञ जेम्स प्लेफेअर मॅकमरिच यांनी १९०८ मध्ये सामाईक श्रोणि-नीलांच्या आतील बंधांचे वर्णन केले व ते जन्मजात मानले. १९५७ मध्ये मे व थर्नर यांनी ४३० शवांच्या तपासणीत २२ टक्क्यांत डाव्या सामाईक श्रोणि-नीलेत असे बंध आढळल्याचे प्रसिद्ध केले. ते जन्मजात नसून पुढून जाणाऱ्या उजव्या रोहिणीच्या सततच्या स्पंदनांमुळे नीलेच्या भित्ती एकमेकींवर घासून तयार होतात, असे त्यांचे मत होते. १९६५ मध्ये इंग्लंडमधील कॉकेट व टॉमस यांनी या दाबामुळे जिवंत रुग्णांत होणाऱ्या विकारांचे चित्र मांडले. १९९० नंतरच्या दशकापासून अशा अरुंद नीलेत जाळीदार नळी (स्टेंट) बसवून ती उघडी ठेवता येऊ लागली. मात्र रोहिणीखाली नीला दबलेली असणे निरोगी व्यक्तींतही पुष्कळदा आढळते; म्हणून केवळ चित्रात अरुंदपणा दिसला, एवढ्यावरून उपचार केले जात नाहीत.

कर्करोगाचा उलटा मार्ग : अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग हाडांत, विशेषतः कंबरेचे मणके व श्रोणीची हाडे यांत पसरतो, ही गोष्ट फोन रेकलिंगहाउझेन (१८३३–१९१०) यांनी १८९१ मध्ये वर्णिली होती. रूढ कल्पनेनुसार ग्रंथीतून सुटलेल्या कोशिका महानीलेतून हृदयाकडे व तेथून प्रथम फुप्फुसात जावयास हव्यात. अनेक रुग्णांची फुप्फुसे मात्र निर्दोष असून मणके पोखरलेले आढळत. इंग्लंडमधील स्टीव्हन पॅजेट (१८५५–१९२६) यांनी १८८९ मध्ये बी व जमीन यांची उपमा वापरून विशिष्ट कर्करोगास विशिष्ट ऊतक मानवते, अशी उपपत्ती मांडली होती. ती मोलाची असली, तरी कोशिका तेथवर पोहोचतात कशा, याचे उत्तर तीत नव्हते.

हे उत्तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शारीराचे प्राध्यापक ऑस्कर बॅटसन (१८९४–१९७९) यांनी १९४० मध्ये दिले. शिश्नाची पृष्ठनीला अष्ठीला-जालिकेस मिळते, हे लक्षात घेऊन त्यांनी मृत शरीरात या नीलेतून क्ष-किरणांस अपारदर्शी असे पातळ द्रव्य सोडले व क्ष-किरण चित्रे घेतली. द्रव्य महानीलेकडे न जाता त्रिकास्थी व कंबरेच्या मणक्यांच्या नीलांत शिरले आणि पुरेसे सोडले असता कवटीपर्यंत पोहोचले. चित्रांतील द्रव्याचा विस्तार व रुग्णांत आढळणारा कर्करोगाचा विस्तार यांत विलक्षण साम्य होते. त्यानंतर भूल दिलेल्या जिवंत माकडात हाच प्रयोग करताना पोटाभोवती पट्टा आवळून त्यांनी कुंथण्याची स्थिती निर्माण केली; तेव्हाही द्रव्य कशेरुक-नीलांकडे वळले. फुप्फुसांस वळसा घालून जाणारी ही वाट माणूस रोज खोकताना व कुंथताना वापरीत असतो, असा त्याचा अर्थ होतो. कशेरुक-नीलांचे हे झडपाविरहित तंत्र आता बॅटसन यांच्या नावाने ओळखले जाते. ब्रेशे यांच्या चित्रांतील वाहिन्यांना अशा प्रकारे सु. १२० वर्षांनी कार्य लाभले.

बॅटसन यांच्या उपपत्तीवर पुढे बरीच चर्चा झाली. हाडांच्या मगजातील विशिष्ट रसायने कर्करोग-कोशिकांना आकृष्ट करतात, हेही सिद्ध झाल्याने केवळ नीलांच्या मार्गाने सर्व स्पष्टीकरण होत नाही, असे मत पडले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, १,५८९ रुग्णांच्या शवपरीक्षेवर आधारलेल्या अभ्यासात मात्र अष्ठीला कर्करोगाचा कण्यातील प्रसार व फुप्फुसांतील प्रसार हे परस्परांवर अवलंबून नसल्याचे दिसले व उलट्या मार्गास पुष्टी मिळाली. मार्ग व जमीन या दोन्ही गोष्टी लागतात, असे आज मानले जाते. मूत्राशय व श्रोणीतील अन्य इंद्रियांचे जंतुसंसर्ग मणक्यांत पोहोचण्यासही ही वाट काही प्रमाणात कारणीभूत होत असावी.

शस्त्रक्रिया व रक्तस्राव : शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने श्रोणि-नीला हे दीर्घ काळ एक संकट होते. भित्ती पातळ, जाळे दाट आणि झडपा नसल्याने एक नीला तुटली, तरी चहूकडून रक्त येते. रोहिणीप्रमाणे एकच तोंड बांधून भागत नाही. ह्यू यंग यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत कर्करोगासाठी संपूर्ण अष्ठीला ग्रंथी काढली, ती विटपाच्या (जननेंद्रिय व गुदद्वार यांमधील भागाच्या) वाटेने. त्यामुळे सांतोरीनी-जालिका बऱ्याच अंशी टळली. लंडनचे टेरेन्स मिलिन यांनी १९४५ मध्ये ग्रंथीच्या साध्या वाढीसाठी जघनास्थीमागून जाणारी वाट रूढ केली. कर्करोगासाठीही ती वापरली जाऊ लागली. परंतु जालिकेतून होणाऱ्या प्रचंड रक्तस्रावामुळे शल्यचिकित्सकास पुढचे दिसेनासे होई.

१९७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील राइनर व पॅट्रिक वॉल्श यांनी या जालिकेच्या शाखांचा बारकाईने अभ्यास करून मुख्य नीला सुरुवातीसच बांधण्याची पद्धत वर्णिली. रक्त थांबल्याने शस्त्रक्रियेचे क्षेत्र स्वच्छ दिसू लागले आणि त्यातूनच पुढचा शोध लागला. शिश्नाच्या उत्थानास आवश्यक असणारे तंत्रिकांचे सूक्ष्म जुडगे ग्रंथीला लागून जाते, हे वॉल्श व डच तज्ञ डॉंकर यांनी निश्चित केले व १९८२ मध्ये त्या तंत्रिका राखून पहिली शस्त्रक्रिया करण्यात आली. तोपर्यंत या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक सर्व पुरुषांना नपुंसकत्व येत असे व ते अपरिहार्य समजले जाई. नीलांचे नीट ज्ञान झाल्यावर ते अपरिहार्य नसल्याचे स्पष्ट झाले.

गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत त्रिकास्थीसमोरील नीला फाटल्यास होणारा रक्तस्रावही असाच भयंकर असतो. नीला हाडाच्या छिद्रात आखडून गेल्याने ती टाक्याने बांधता येत नाही व कशेरुक-जालिकेतून रक्ताचा पुरवठा चालू राहतो. १९८५ मध्ये चिनी शल्यचिकित्सकांनी या नीलांचे शारीर तपासून, छिद्रावर ड्रॉइंग पिनसारखी चपट्या डोक्याची निर्जंतुक टाचणी हाडात ठोकण्याचा सोपा उपाय सुचविला. वाहन-अपघातांत श्रोणीची हाडे मोडल्यावर होणारा रक्तस्रावही बहुधा नीलांतून व हाडांच्या मोडलेल्या पृष्ठांतून होतो. अशा जखमींच्या श्रोणीभोवती रुंद पट्टा आवळून पोकळीचे आकारमान कमी ठेवणे, हा प्रथमोपचार या ज्ञानावरच आधारलेला आहे.

गुदाशय-जालिकेचा मूळव्याधीशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. मूळव्याध म्हणजे केवळ फुगलेल्या नीला, ही जुनी समजूत मात्र थॉमसन यांच्या १९७५ मधील अभ्यासानंतर मागे पडली. गुदद्वाराच्या आत नीला, स्नायू व संयोजी ऊतक यांच्या मऊ गाद्या जन्मतःच असतात व त्या खाली सरकल्याने मूळव्याध होते, असे आता मानले जाते. यकृताच्या विकारात प्रवेशी नीलेतील दाब वाढल्यास गुदाशयातील नीला फुगतात. ती अवस्था मूळव्याधीहून भिन्न आहे.

ओटीपोटातील जुनाट वेदना : अपत्यवती स्त्रियांत ओटीपोटात सतत जडपणा व ठणका असणे, बराच वेळ उभे राहिल्यावर, दिवस कलताना व समागमानंतर तो वाढणे आणि निजल्यावर कमी होणे, अशी तक्रार पुष्कळदा आढळते. तपासणी व शस्त्रक्रिया यांत कोणताच दोष न सापडल्याने अशा स्त्रियांची वेदना मानसिक ठरविली जाई. अमेरिकन स्त्रीरोगतज्ञ हॉवर्ड टेलर यांनी १९४९ मधील लेखमालेत या वेदनेचा संबंध श्रोणीतील रक्ताधिक्याशी जोडला. तथापि रक्ताधिक्याचे मूळ त्यांनी बऱ्याच अंशी भावनिक ताणात शोधल्यामुळे रुग्णावरील मानसिकतेचा शिक्का पुसला गेला नाही.

१९६० नंतर उदरदर्शकाचा वापर वाढला. पण त्यानेही उलगडा झाला नाही. या तपासणीत रुग्णास उताणे, डोके खाली व पाय वर अशा स्थितीत ठेवतात आणि पोटात वायू भरतात. नेमक्या याच स्थितीत फुगलेल्या नीला रिकाम्या होतात. वेदना निजल्यावर कमी होते, हे रुग्ण सांगत होती. तिला निजवून केलेल्या तपासणीत नीला निर्दोष दिसत होत्या. लंडनमधील बिअर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये नीलांत अपारदर्शी द्रव्य भरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने, अन्य कारण न सापडलेल्या अशा अनेक स्त्रियांत अंडकोश व गर्भाशय यांच्या नीला रुंदावलेल्या व त्यांतील प्रवाह मंदावलेला असल्याचे दाखविले. गर्भारपणात ताणलेल्या अंडकोश-नीला पूर्ववत न होणे, त्यांतील झडपा निकामी होणे व रक्त उलट खाली उतरणे, ही यामागील यंत्रणा होय. १९९३ मध्ये एडवर्ड्‌स व सहकाऱ्यांनी त्वचेतून घातलेल्या बारीक नळीवाटे या नीला आतून बंद करण्याचा उपचार प्रथम वर्णिला.

या विषयातही सावधगिरी आवश्यक ठरली आहे. रुंदावलेल्या नीला वेदना नसलेल्या स्त्रियांतही आढळतात आणि ओटीपोटाच्या वेदनेस अंतःस्तराची अस्थानी वाढ, मूत्राशयाचे व आतड्यांचे विकार इ. अनेक कारणे असतात. म्हणून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ञांनी रुग्णाची लक्षणे, फुगलेल्या नीलांचे स्थान आणि त्यामागील यंत्रणा या तीन बाबी स्वतंत्रपणे नोंदविणारी वर्गीकरण पद्धती मान्य केली. श्राव्यातीत ध्वनींच्या साहाय्याने करावयाची तपासणी (सोनोग्राफी) आता उभ्या वा अर्धवट बसलेल्या स्थितीतही करता येते व नीलांतील रक्ताची दिशा प्रत्यक्ष पाहता येते. पुरुषांतील वृषण-नीलांचा फुगवटा हा याच यंत्रणेचा दुसरा प्रकार असून त्याचा वंध्यत्वाशी असलेला संबंध १९५० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमधील टुलॉक यांच्या कामामुळे चर्चेत आला. पुरुषाचा फुगवटा डोळ्यांना दिसतो व हातास लागतो, म्हणून त्याची नोंद पहिल्या शतकात झाली; स्त्रीचा शरीराच्या आत असल्याने तो मान्य होण्यास विसाव्या शतकाचा शेवट यावा लागला.

श्रोणि-नीलांचे शारीर अठराव्या शतकातच बव्हंशी ज्ञात झाले होते. अभाव होता तो त्यांच्या कार्याच्या योग्य कल्पनेचा. मृत व निजलेल्या शरीराऐवजी जिवंत, उभ्या, खोकणाऱ्या व गर्भ वाहणाऱ्या शरीरात त्यांचा विचार सुरू झाल्यावरच त्यांचे स्वरूप उलगडले. नीलांच्या शाखांत व झडपांच्या संख्येत व्यक्तिपरत्वे पुष्कळ फरक आढळत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाच्या नीलांची स्वतंत्र तपासणी करण्याकडे आता कल आहे. कोणत्या रुग्णात नीलेचा दोष हे वेदनेचे खरे कारण आहे व कोणात तो केवळ योगायोग आहे, हे निश्चित करणे हा या क्षेत्रातील संशोधनाचा आजचा मुख्य प्रश्न होय.